झाड तपासणारा वेगळा, कापणारा वेगळा: मुंबईतल्या सोसायट्यांसाठी मार्गदर्शक

पाऊस तोंडावर आला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या गेटवर एक ठरावीक संवाद घडतो. बाहेर टेम्पो लावून एक जण वॉचमनला विचारतो, सेक्रेटरी कुठे भेटतील? मग वर बघत सांगतो, गुलमोहर फार वाढलाय, यंदा नक्की पडणार, स्वस्तात साफ करून देतो, लाकूडही मीच उचलतो. कमिटीला सौदा बरा वाटतो. दोन तासांत काम उरकतं आणि झाडाच्या जागी टोप्या अडकवायची खुंटी उभी राहते.

या सौद्यातली गोम किमतीत सापडत नाही. झाडाला काय झालंय हे सांगणारा आणि फांद्या नेऊन लाकूड विकणारा माणूस इथे एकच असतो. जितकं जास्त कापेल तितका टेम्पो भरेल, मग तो कमी कापायला कशाला सांगेल? म्हणून पहिला नियम असा की तपासणी एकाकडून करून घ्यायची आणि कापणी दुसऱ्याकडून. दोघांचे पैसे वेगळे, कागद वेगळे. लहान सोसायटीला हे जास्तीचं वाटेल. पण दहा-बारा मोठी झाडं असलेल्या आवारात एका तपासणीच्या खर्चात बहुतेक वेळा निम्मी कापणी टळते.

कोणाला कशासाठी बोलवायचं

माळी हात पुरतो तिथपर्यंतचं काम करतो: कुंड्या, कुंपण, जास्वंद, फार तर शिडीवर न चढता कापता येणाऱ्या बारीक फांद्या. त्याला दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर कोयता घेऊन चढवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. काही झालं तर जबाबदारीही कमिटीवरच येते.

नारळ पाडणारा माडाचा जाणकार असतो, पण आंब्यावर किंवा पर्जन्यवृक्षावर (रेन ट्रीवर) त्याचं कौशल्य चालत नाही. माडाला फांद्याच नसतात, त्यामुळे फांदी कुठे कापायची हा प्रश्न त्याला कधी पडलेलाच नसतो.

उद्यानविद्येचा पदवीधर माती, खत, लागवड, रोपांची निवड यांत उपयोगी पडतो. झाड पडेल की नाही हे सांगण्याचं शिक्षण त्याने घेतलेलं असेलच असं नाही, तेव्हा तसं थेट विचारा. कीड असेल तर पेस्ट कंट्रोलवाल्याची आठवण होते. कीटकनाशकाची व्यावसायिक फवारणी करणाऱ्याला कृषी खात्याचा परवाना लागतो, त्याची प्रत मागून घ्या. झुरळांचं औषध झाडावर मारणारे शहरात कमी नाहीत.

उरले दोघे. आर्बोरिस्ट, म्हणजे उभ्या झाडाच्या तब्येतीचा आणि धोक्याचा तज्ज्ञ; आणि छाटणीचा ठेकेदार, ज्याच्याकडे चढणारी माणसं, दोर, करवती आणि टेम्पो असतो. या लेखाचा बहुतेक भाग या दोघांबद्दल आहे.

भिंतीच्या फटीत किंवा ड्रेनेज पाइपच्या मागे उगवलेला पिंपळ मात्र यांपैकी कोणाचंच काम नाही. तिथे इमारत दुरुस्ती करणारा लागतो, कारण मूळ काढल्यावर फट नीट भरली नाही तर पुढच्या पावसाळ्यात पिंपळ परत हजर असतो.

फोन करण्याआधी तासभर झाडाखाली घालवा

तज्ज्ञ येण्याआधी कमिटीतल्या कोणीतरी टेप आणि मोबाइल घेऊन आवारात फिरावं. प्रत्येक झाडाला क्रमांक द्या. जमिनीपासून साधारण १.३ मीटर उंचीवर, म्हणजे छातीच्या पातळीला, खोडाचा घेर मोजा. घेर भागिले ३.१४ म्हणजे व्यास. १२६ सेंटीमीटर घेराचं झाड ४० सेंटीमीटर व्यासाचं झालं. हा आकडा पालिकेच्या अर्जात लागतो, कोटेशनमध्ये लागतो आणि मुळांचा हिशेब करायलाही लागतो.

मग बुंध्यापासून वर बघत जा. बुंध्यापाशी कठीण, फळीसारखी भूछत्रं उगवली असतील तर फोटो काढा. मुळं किंवा खोडाचा तळ आतून कुजत असल्याची ही सर्वांत भरवशाची खूण आहे, वर पानं कितीही हिरवीगार असली तरी. झाड तिरकं असेल तर ते पहिल्यापासून तिरकं आहे की अलीकडे कललं आहे हे जुन्या फोटोंवरून ताडून पाहा. पन्नास वर्षं तिरका वाढलेला भेंड बहुधा ठीक असतो. गेल्या पावसाळ्यानंतर कललेलं आणि कललेल्या दिशेच्या उलट बाजूला मातीला भेग पडलेलं झाड मात्र लगेच दाखवायला हवं, आणि तोवर त्याखालची पार्किंग बंद ठेवायला हवी. दोन जाड खोडं इंग्रजी व्ही अक्षरासारखी चिकटून वर गेली असतील आणि मधे साल आत दुमडली असेल तर तो सांधा कमजोर असतो. यू अक्षरासारखा रुंद सांधा त्या मानाने मजबूत.

वाळवीचे मातीचे पट्टे दिसले की लोक घाबरतात. थोडी माती खरवडून बघा. पुष्कळदा वाळवी फक्त वरची मेलेली साल खात असते आणि आतलं लाकूड शाबूत असतं. तेवढ्यावरून झाड पोखरलं असं सांगणाऱ्याकडून पुढे काही ऐकू नका.

शेवटी जमिनीकडे बघा, कारण मुंबईत झाडं पडण्याची बरीच कारणं तिथेच सापडतात. गेल्या दोन-तीन वर्षांत झाडाजवळ गटाराची लाइन, केबल किंवा पाण्याच्या पाइपसाठी चर खणला होता का? पेव्हर ब्लॉक बसवताना बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं का? झाडाची मुळं खोलवर जातात असा समज आहे, पण बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच पसरतात. खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचं वर्तुळ हा मुळांचा राखीव भाग धरतात. ४० सेंटीमीटरच्या झाडाला ४.८ मीटर. एका बाजूने या वर्तुळात खोल चर गेला असेल तर झाड त्या बाजूचा आधार गमावून बसतं. पहिल्या वर्षी काही दिसत नाही, तिसऱ्या पावसाळ्यात ते आडवं होतं आणि दोष वाऱ्याला मिळतो. ही माहिती तज्ज्ञाला आपणहून सांगा. खणलेला चर बुजवल्यावर त्याला तो दिसणार नाही.

परवानगी: अर्ज आधी, माणूस नंतर

महाराष्ट्रात नागरी भागांतल्या झाडांना १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. झाड खासगी जागेत असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ते तोडता येत नाही. कायद्यातल्या ‘तोडणे’ या शब्दात झाड जाळणं आणि कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणंही येतं. त्यामुळे बुंध्याला गोल साल काढून झाड मारणं, मुळांवर ॲसिड ओतणं किंवा छाटणीच्या नावाखाली नुसतं खोड ठेवणं यांतलं काहीही ‘आपल्याच आवारातलं आहे’ म्हणून सुटत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष मानलं जातं आणि त्याला आणखी कडक नियम लागतात.

व्यवहारात दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. रस्त्यावरचं, फुटपाथवरचं झाड पालिकेचं; त्याची फांदी तुमच्या गॅलरीत आली तरी ती कापायचं काम पालिकेचं. कंपाउंडच्या आतलं झाड सोसायटीचं, त्याची देखभाल आणि छाटणीचा खर्च सोसायटीचा. परवानगी मात्र पालिकेचीच. अर्ज आपल्या वॉर्ड ऑफिसच्या उद्यान खात्यात करायचा: दादर-माहीमकरांनी जी उत्तरला, माटुंग्याने एफ उत्तरला, अंधेरी पश्चिमेने के पश्चिमला, घाटकोपरने एन वॉर्डला. अर्जासोबत कमिटीचा ठराव, झाडाचा प्रकार, घेर, जागेची खूण करून काढलेले फोटो आणि कोणत्या फांद्या का कापायच्या याचं चार ओळींचं कारण जोडा. ‘झाड धोकादायक आहे’ एवढंच लिहिण्यापेक्षा ‘तिसऱ्या मजल्याच्या पातळीवर पूर्वेकडची वाळलेली फांदी, जाडी अंदाजे २० सेंटीमीटर, खाली मुलांची खेळायची जागा’ असं लिहिलेला अर्ज पाहणीला येणाऱ्या माणसालाही सोपा जातो. छाटणीचं काम पालिकेकडून शुल्क भरून करून घेता येतं का आणि खासगी ठेकेदार लावायचा तर अट काय, हे त्याच खेपेत विचारून घ्या.

संपूर्ण झाड तोडायचं असेल तर प्रकरण लांबतं. आधी झाडावर नोटीस लागते आणि हरकती मागवल्या जातात. मोसमी पाऊस मुंबईत ११ जूनच्या सुमारास येतो असं धरलं, तर अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत जायला हवा. मेच्या शेवटच्या आठवड्यात अर्ज केला तर तुमच्यापुढे अख्खा वॉर्ड रांगेत असतो.

‘परवानगीचं आम्ही बघून घेतो’ असं म्हणणाऱ्या ठेकेदाराकडून परवानगीची प्रत कामाआधी हातात घ्या आणि ती नीट वाचा. अनेकदा परवानगी दोन फांद्यांची असते आणि काम चौदा फांद्यांचं होतं. गुन्हा नोंदला गेला तर त्यात नाव सोसायटीचं असतं.

तपासणारा कसा निवडायचा

आपल्याकडे आर्बोरिस्ट म्हणवून घ्यायला सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे व्हिजिटिंग कार्डवर कोणीही काहीही छापू शकतो. जगभर मानलं जाणारं प्रमाणपत्र आयएसए (इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर) या संस्थेचं आहे. त्यासाठी अनुभव किंवा शिक्षणाची अट पूर्ण करून परीक्षा द्यावी लागते आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. प्रमाणपत्रधारकाचं नाव संस्थेच्या वेबसाइटवर तपासता येतं, ते तपासा. झाडाच्या धोक्याचं मूल्यांकन करण्याची त्याच संस्थेची टीआरएक्यू नावाची वेगळी पात्रता आहे. पडण्याचा प्रश्न असेल तर ती असलेला माणूस अधिक चांगला. मुंबईत असे लोक मोजकेच आहेत, त्यामुळे शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांनी मिळून एका दिवसासाठी बोलावणं परवडतं. प्रमाणपत्र नसलेला पण वनस्पतिशास्त्राचा किंवा उद्यानशास्त्राचा पक्का, शहरी झाडांवर वर्षानुवर्षं काम केलेला माणूसही चालतो. अट एकच: लेखी अहवाल द्यायला तो तयार हवा, आणि कापणीच्या ठेक्यात त्याचा हिस्सा नसावा.

चांगला तपासणारा झाडाभोवती पूर्ण फेरी मारतो, बुंध्याची माती हाताने बाजूला करून बघतो, लाकडी हातोडीने खोडावर ठोकत आवाज ऐकतो. पोकळ जागी आवाज ढोलासारखा घुमतो. ढोलीत सळई घालून खोली मोजतो. एवढ्यावर भागलं नाही तर रेझिस्टोग्राफ नावाचं यंत्र असतं. ते साधारण तीन मिलिमीटर जाडीची सुई लाकडात घालतं आणि कुठे लाकूड भक्कम, कुठे मऊ, याचा आलेख काढतं. पोकळी आहे म्हणजे झाड गेलं असं मात्र नाही. ढोबळ हिशेब असा की खोडाच्या त्रिज्येच्या किमान एक तृतीयांश जाडीची निरोगी भिंत सगळीकडून उरली असेल तर खोड सहसा तग धरतं. ६० सेंटीमीटर व्यासाच्या खोडाला १० सेंटीमीटर. ढोलीला एका बाजूने मोठं तोंड असेल किंवा झाड तिरकं असेल तर हा हिशेब लागू पडत नाही, आणि हे तुम्ही न विचारता सांगणारा माणूस चांगला समजा.

अहवालात प्रत्येक झाडाचा क्रमांक, प्रकार, घेर, दोष, धोका कमी-मध्यम-जास्त यांपैकी किती, त्याखाली काय आहे, काय करायचं आणि किती दिवसांत, एवढं हवंच. ‘काहीही करू नका, पुढच्या वर्षी परत बघा’ असा शेरा एकाही झाडासमोर नसेल तर शंका घ्या.

ढोलीत सिमेंट भरायला सांगणाऱ्याला नमस्कार करून निरोप द्या. सिमेंट वाऱ्यात झाडाबरोबर हलत नाही, कडेने फट पडते, आत पाणी साचतं आणि कुज वाढते. वर पुढच्या वेळी करवत सिमेंटवर आपटते ती वेगळीच.

ठेकेदाराची परीक्षा झाडाखालीच घ्या

ऑफिसात बसून कोटेशनवर बोलण्याआधी ठेकेदाराला एखाद्या फांदीकडे बोट दाखवून विचारा, ही कुठे कापाल? फांदी खोडाला मिळते तिथे एक सुजल्यासारखी गोल कडा असते, तिला कॉलर म्हणतात. जखम भरून आणणाऱ्या पेशी तिथे असतात. काप या कडेच्या लगेच बाहेर हवा. ‘खोडाला चिकटून एकदम सपाट’ म्हणाला तर कॉलरच जाते आणि जखम वर्षानुवर्षं उघडी राहते. ‘फूटभर ठेवून’ म्हणाला तर तो खुंट वाळतो, कुजतो आणि कुज खोडात उतरते. पाच सेकंदांच्या या प्रश्नात निम्मे लोक गळतात.

दुसरा प्रश्न: जाड फांदी कशी कापाल? अपेक्षित उत्तर तीन कापांचं आहे. पहिला काप खोडापासून साधारण फूटभर लांब, खालच्या बाजूने, जाडीच्या पाव ते एक तृतीयांशापर्यंत. दुसरा त्याच्या किंचित बाहेर, वरून, आरपार. इथे फांदी सुटते. तिसरा उरलेल्या खुंटाचा, कॉलरच्या बाहेर. खालचा काप न देता वरूनच कापत गेलं तर फांदी स्वतःच्या वजनाने मोडते आणि खोडाची साल दोन-तीन फूट सोलत नेते. रस्त्यांवरच्या झाडांवर अशा लांब सोललेल्या जखमा हव्या तेवढ्या बघायला मिळतात.

तिसरा: फांदी खाली कशी आणाल? ३० सेंटीमीटर जाडीची, तीन मीटर लांबीची ओली फांदी दीडशे ते दोनशे किलोची असते. खाली गाड्या, पत्रा, कंपाउंडची भिंत, गॅसची पाइपलाइन. ‘सोडून देऊ’ हे उत्तर चालत नाही. वरच्या भक्कम फांदीवरून दोर घेऊन, खाली खोडाला वेढे देऊन, एकाने हळूहळू सैल सोडत फांदी उतरवायची असते. माणसाने चढायचा दोर आणि फांदी उतरवायचा दोर वेगळे हवेत. दोर मागून बघा. चुरचुरलेला, गाठी मारून जोडलेला, रंगाचे डाग पडलेला दोर दिसला तर विषय संपला.

चौथा: किती कापाल? एका वर्षात हिरव्या पालवीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापायचं नाही, जुन्या आणि थकलेल्या झाडाचं त्याहून बरंच कमी. ‘शेंडा उडवू, म्हणजे तीन वर्षं बघायला नको’ हा सर्वांत महागडा सल्ला. शेंडा उडवलेलं झाड घाबरून प्रत्येक खुंटातून धुमारे काढतं. ते झपाट्याने वाढतात, पण सालीच्या वरच्या थरातून निघालेले असल्यामुळे त्यांची पकड कच्ची असते. आणि दोन-तीन वर्षांनी जाड झाले की जोराच्या वाऱ्यात तेच आधी सुटतात. दरम्यान मोठ्या कापांमधून कुज आत शिरलेली असते. गुलमोहर आणि शेवग्यासारख्या मऊ लाकडाच्या झाडांत हे फार लवकर होतं. सेक्रेटरी बदलतात, पण दर तीन वर्षांनी तेच झाड आणि तोच ठेकेदार असं चक्र चालू राहतं. आतल्या सगळ्या बारीक फांद्या साफ करून टोकाला फक्त पानांचे झुपके ठेवणं हाही असाच प्रकार. दिसायला मोकळं दिसतं, पण सगळा भार टोकाला जातो आणि फांदी मोडायला सोपी होते.

पाचवा: चढायला काट्याचे बूट वापरता का? जिवंत ठेवायच्या झाडावर वापरायचे नाहीत, प्रत्येक पावलाला सालीला भोक पडतं. तोडायच्या झाडावर चालतात.

सहावा: कापाला काय लावाल? ‘काही नाही’ हे बहुतेक झाडांसाठी बरोबर उत्तर आहे. डांबर, ऑइल पेंट, गेरू यांनी जखम लवकर भरत नाही. थराखाली ओल मात्र अडकते. आंब्याला बुरशीच्या भीतीने बोर्डो पेस्ट लावायची पद्धत आहे आणि ती लावणारा चूक करत नाही: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत विरघळवून मग एकत्र करायचा. लोखंडी भांडं वापरलं तर मोरचूद ते खातं.

पर्जन्यवृक्षांच्या पिठ्या ढेकणाबद्दल, म्हणजे पांढऱ्या पिठासारख्या दिसणाऱ्या, रस शोषणाऱ्या किडीबद्दल (मिलीबग) विचारलं तर उत्तराकडे खास लक्ष द्या. या किडीने शहरातले अनेक जुने पर्जन्यवृक्ष वाळले. झाड चार-पाच मजली असेल तर जमिनीवरून फवारा शेंड्यापर्यंत पोचतच नाही, अर्धं औषध गॅलऱ्यांमध्ये उडतं. कीड लागलेल्या फांद्या कापून उघड्या टेम्पोतून नेल्या तर ती वाटेतल्या झाडांवर पसरते. पिशवीत बांधून नेण्याची गोष्ट जो स्वतः काढतो, त्याला विषय कळतो.

माडाचं गणित निराळं

माडाला वाढीचा एकच कोंब असतो, शेंड्यात. तो दुखावला की माड गेला, फुटवा येत नाही. निरोगी माडावर तीसेक झावळ्या असतात आणि त्या त्याचं अन्न बनवतात. वाळलेल्या, पिवळ्या पडलेल्या आणि आडव्या रेषेच्या खाली लोंबणाऱ्या झावळ्या काढायच्या. वरच्या हिरव्या झावळ्या छाटून झाडूसारखा शेंडा करून ठेवला तर माड खंगतो आणि नारळ बारीक होतात. सुकलेले नारळ, पोयीचे वाळके दांडे आणि झावळ्या वर्षातून तीन-चार वेळा उतरवून घ्या, त्यातली एक फेरी मेमध्येच. पन्नास-साठ फुटांवरून पडलेला नारळ किंवा झावळी माणसाचा जीव घेते, म्हणून माडाखाली बाक किंवा स्कूटरची पार्किंग नको.

चढणाऱ्याला शेंडा बघायला सांगा. झावळी कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसली तर गेंड्या भुंगा. खोडाला भोक, त्यातून तपकिरी चिकट रस आणि चघळलेल्या चोथ्यासारखा भुसा दिसला तर सोंड्या भुंगा, आणि हा जास्त गंभीर. शेंडा कलला की बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. म्हणूनच माडाच्या खोडाला पायऱ्यांसाठी खाचा पाडू देऊ नका. त्या जखमांच्या वासाने भुंगा येतो.

कोटेशनमध्ये काय हवं

‘झाडांची छाटणी, नग ८, एकूण रक्कम’ हे कोटेशन नव्हे. झाडाच्या क्रमांकासमोर कोणती फांदी, किती जाडीपर्यंतचे काप, उंची कमी करायची की वाळकं काढायचं, दोराने उतरवायचं की यांत्रिक लिफ्टने, हे लिहिलेलं हवं. तपासणीचा अहवाल कोटेशन देणाऱ्या सगळ्या ठेकेदारांना सारखाच द्या, म्हणजे सगळ्यांचे दर एकाच कामाचे असतील. नाहीतर स्वस्त वाटणारा दर निम्म्या कामाचा निघतो.

लाकडाची किंमत वेगळी दाखवायला सांगा. लाकूड ठेकेदार नेणार असेल तर त्याचे किती धरले ते कागदावर यावं. शक्य असेल तर मजुरी पूर्ण द्या आणि लाकूड स्वतःकडे ठेवून वेगळं विका. जास्त कापायचा मोह तिथेच संपतो.

विम्याचे दोन कागद लागतात: कामगारांचा आणि त्रयस्थ नुकसानीचा. पॉलिसीची प्रत घ्या आणि त्यावरची मुदत कामाच्या तारखेला चालू आहे का ते बघा. वरून पडलेल्या कामगाराच्या नुकसानभरपाईत काम देणारा ओढला जाऊ शकतो, हे कमिटीच्या सभेत एकदा मोठ्याने सांगून टाकलं की विम्याचा आग्रह कोणाला जाचक वाटत नाही.

आगाऊ रक्कम पाव ते एक तृतीयांश, बाकीची पालापाचोळा उचलल्यावर. कापलेला पाला गेटबाहेर फुटपाथवर ढकलून ठेकेदार गायब होणं ही नेहमीची तक्रार आहे, तेव्हा ‘त्याच दिवशी उचलणार’ ही ओळ लिहून घ्या.

आणि सहा महिने जुनं काम दाखवायला सांगा. ताजी छाटणी सगळ्यांचीच नीट दिसते. सहा महिन्यांनी काप गोल कडेने भरून येतोय की खुंटांतून धुमाऱ्यांचे झाडू निघालेत, हे रस्त्यावरून मान वर करूनही कळतं.

पुनर्विकासात झाड हलवायचं असेल तर ‘उद्या सकाळी जेसीबी आणतो’ म्हणणाऱ्यापासून दूर राहा. मुळांचा गोळा खोडाच्या व्यासाच्या आठ ते दहा पट लागतो. २५ सेंटीमीटरच्या झाडाला दोन ते अडीच मीटर व्यासाचा, मीटरभर खोल गोळा, म्हणजे पाच ते आठ टन माती. त्याला क्रेन लागते, काही आठवडे आधीपासून टप्प्याटप्प्याने मुळं कापावी लागतात आणि पुढे किमान वर्षभर पाणी.

कामाच्या दिवशी

दोन दिवस आधी नोटीस बोर्डावर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर वेळ कळवा, गाड्या हलवून घ्या. फांद्यांमधून विजेची तार जात असेल तर वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद करून घ्या: शहरात बेस्ट, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानी किंवा टाटा, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. केबल आणि इंटरनेटच्या वायरी झाडाला गुंडाळलेल्या असतातच, त्या आधी सोडवा.

कापण्याआधी घरटी बघा. मार्च ते जून कावळ्यांचा हंगाम असतो, पावसाळ्यात बगळे आणि रातबगळे वसाहतीने घरटी करतात. घरटी आणि अंडी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतात. पिल्लं असतील तर ती फांदी पुढे ढकला.

फांदीच्या लांबीच्या दीड ते दोन पट जागा दोरीने अडवा आणि तिथे एक माणूस फक्त लोकांना थांबवायला उभा करा. वॉचमन गेटवर हवाच, त्याला या कामात धरू नका. चढणारा हार्नेसमध्ये, दोन ठिकाणी बांधलेला. खालच्यांच्याही डोक्यावर हेल्मेट. शिडीवर उभं राहून किंवा एका हाताने चेनसॉ चालवताना दिसला तर काम तिथेच थांबवा. साल ओली असेल किंवा वारा सुटला असेल तर तारीख बदला.

अहवालाची प्रत हातात असलेला कमिटीचा एक सदस्य शेवटपर्यंत खाली हवा. ‘ही पण काढू का?’ असा वरून प्रश्न येतोच, आणि उत्तर कागदावर आहे तेवढंच. गॅलरीतून सूचना देणाऱ्या काकांनाही हेच उत्तर.

काम झाल्यावर प्रत्येक कापाचा फोटो काढा. मोठ्या छाटणीनंतर लगेच खत घालू नका. बुंध्याभोवती किमान मीटर बाय मीटर जागा काँक्रीट फोडून मोकळी करा, फोडताना ब्रेकर मुळांवर चालू देऊ नका, आणि पाच-सात सेंटीमीटर पालापाचोळा पसरा, खोडाला न टेकवता. खोडावर ठोकलेले खिळे, बोर्ड आणि गणपतीत गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा याच वेळी उतरवून टाका.

आणि तरीही पडलं तर

पावसात झाड किंवा मोठी फांदी पडली तर पालिकेच्या १९१६ वर फोन करा, खाली कोणी अडकलं असेल तर अग्निशमन दलाला १०१ वर. तार तुटून फांद्यांत अडकली असेल तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणी जवळ जाऊ नये. ओल्या फांदीतूनही झटका बसतो. गाड्यांच्या विम्यासाठी काहीही हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्या. पडलेल्या झाडाखाली वाकून दबलेल्या फांद्या ताणात असतात, त्या कापल्या की झटक्याने उसळतात, म्हणून उत्साही तरुणांच्या हातात कोयते देऊ नका. उपटलेला बुंधाही फांद्यांचं वजन गेलं की पुन्हा खड्ड्यात उभा राहू शकतो. मुलं त्याच खड्ड्यात उतरून बघत असतात. पहिलं काम त्यांना तिथून बाहेर काढायचं.